मंडईतला फुटबॉल

आमची गाडी पहाटे सुरू होत नाही, ही बातमी मी घरात पंधरा दिवस दाबून ठेवली होती. सोळाव्या दिवशी बायको मंडईत कोथिंबीर आणायला गेली आणि बातमी घेऊन परत आली. "अहो, तुमचा टेम्पो एअर धरतो म्हणे." कोथिंबिरीच्या जुडीबरोबर तिने ती एअरही ओट्यावर आपटली.

टेम्पो नाही, मोटारहोम, हे मी सांगून थकलोय. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघे बदलतात, मी एका शाळेची जुनी डिझेल मिनीबस विकत घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. बत्तीस वर्षांच्या गाडीबद्दल कंपनीकडे तक्रार करणं म्हणजे आजोबांच्या गुडघेदुखीचा जाब सुईणीला विचारणं. बाकडी काढली, दोन पलंग बसवले, ओटा केला, हात धुवायला बेसिन केलं, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे लावले, आणि लडाखच्या थंडीत गारठायला नको म्हणून डिझेलवर चालणारा एक हीटरही आत बसवून घेतला. आरटीओत खेटे घालून कागद केले, पर्यावरण कर भरला. आतापर्यंत ही गाडी एकदा जेजुरीला, एकदा वाईला आणि बाकी सगळा काळ मंडईच्या मागच्या बोळात अशी फिरली आहे. लडाखला अजून जायचंय.

"एका जागी उभं असतं त्याला फिरतं घर म्हणत नाहीत," बायको म्हणाली होती, "टपरी म्हणतात."

तिचा या खरेदीला पहिल्या दिवसापासून विरोध होता. त्यावर मी पुण्याच्या या मंडईचाच दाखला दिला. 1886 साली ही इमारत उभी राहिली ती रे मार्केट या नावाने, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या मानार्थ. त्याआधी नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी या खर्चाला कडाडून विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे याच इमारतीला त्यांचंच नाव मिळालं. ज्याने विरोध केला त्याचं नाव द्यायचं, अशी या पेठेची थोर परंपरा आहे, असं सांगून मी गाडीच्या मागच्या काचेवर बायकोचं नाव रंगवून घेतलं. ती चूक झाली. डिसेंबर उजाडल्यावर "ताईंना आज परत धक्का मारावा लागला", "ताई आज फार धूर सोडत होत्या", अशी वाक्यं भर मंडईत ऐकू यायला लागली.

दुखणं असं होतं. सकाळी सहाला सेल्फ मारायचा. लगेच सुरू! खडखडखड, अगदी तरुण आवाज. मी विजयी मुद्रेने इकडेतिकडे बघेपर्यंत, म्हणजे चार-पाच सेकंदांत, एक उसासा टाकून बंद. त्यानंतर मात्र सेल्फ मारत बसा. इंजिन नुसतं कण्हतंय, बॅटरीचा आवाज बसत चाललाय आणि समोरच्या इमारतीत एकेका खोलीत दिवा लागतोय. दोन-तीन मिनिटांनी एक सिलिंडर बोलायचा, मग दुसरा, मग पांढऱ्या धुराचा लोट, तो थेट दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या धोतरात, आणि गाडी सुरू. त्यानंतर दिवसभर कितीही वेळा बंद करा, बोट लावलं की सुरू. दुपारी कुणाला दाखवायला नेली तर तो गाडी सोडून माझ्याकडेच बघायचा.

मंडई पहाटे सहाला बघण्यासारखी असते. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला त्याला जमाना झाला, पण मार्केट यार्डातून भरून आलेले टेम्पो इथे रिकामे होत असतात, आणि प्रत्येक टेम्पोबरोबर एक ड्रायव्हर येतो, ज्याला डिझेल इंजिनाबद्दल ठाम मत असतं. मंडईला विद्यापीठ म्हणायची पद्धत आहे. इथे प्रवेश परीक्षा नाही, तोंडी परीक्षा मात्र रोज.

पहिलं मत बॅटरीचं पडलं. नवी बॅटरी घेतली. गाडी आता पूर्वीपेक्षा जोमाने सुरू होईना. दुसरं मत हीटर प्लगचं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते हवा वीसेक पट दाबतं, त्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपला आपण पेटतो. थंडीत लोखंडच गार असल्यामुळे ही धग पुरत नाही, म्हणून सिलिंडरमागे एक छोटा हीटर प्लग असतो, तो आधी लाल होतो. माझे चारही प्लग बदलून झाले. चारही लाल होत होते. मीही होत होतो. तिसरं मत "पंप खाली उतरवावा लागेल" हे. हे वाक्य डॉक्टरच्या "एकदा उघडून बघू"च्या जातीचं आहे; ते बोलणाऱ्याचा चेहरा एकदम गंभीर होतो आणि नजर तुमच्या खिशाच्या दिशेने जाते. चौथ्या गृहस्थांना दोष गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी असण्यात दिसला. त्यांना मी हसलो. ते हसणं किती अडाणीपणाचं होतं ते पुढे येईलच.

याच सुमारास गाडीच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटलेली सापडली. अक्षर वळणदार, शुद्धलेखन बिनचूक: "आपले वाहन सुरू होणार नसल्यास तशी सूचना आदल्या रात्री लावावी. आम्हाला गजर लावावा लागेल."

शेवटी नाना पेठेत सुटे भाग घ्यायला गेलो असताना तिथे एक वयस्कर मेकॅनिक भेटले. कमी बोलणारे, म्हणजे मूळचे आमच्या पेठेतले नसावेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "गाडी बंद पडल्यावर नुसता सेल्फ मारता तेव्हा धूर येतो का?"

"नाही. सुरू व्हायला लागली की येतो."

"मग आत डिझेलच पोचत नाही. पोचलं असतं आणि पेटलं नसतं, तर सायलेन्सरमधून पांढरं बाहेर पडलं असतं. प्लग कशाला बदलले?"

दुसऱ्या दिवशी ते पहाटे आले. गाडी नेहमीप्रमाणे खडखडली आणि मेली. त्यांनी फिल्टरवरच्या हातपंपाला हात घातला. सुरुवातीला तो रिकाम्या पिचकारीसारखा फुसफुसत होता, पंचवीस-तीस वेळा दाबल्यावर हळूहळू जड झाला, मग अंगठ्याखाली टणक. "आता मारा." पहिल्या फेऱ्यात सुरू.

त्यांनी हात पुसत निदान सांगितलं. पहिली पाच सेकंदं पंपात उरलेल्या डिझेलवर निघतात. त्याच्यामागच्या नळीत रात्रीत हवा भरलेली असते, ती पोचली की खेळ संपला. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नोझल उघडायला वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो, आणि पंप बिचारा त्या बुडबुड्याला नुसता चेपत बसतो. "कुठून तरी हवा घेते. शोधा."

"मी शोधू?"

"तुम्ही रिटायर ना?"

गळती शोधायची माझी पद्धत बँकेतली: जिथून जातंय तिथे डाग पडणारच. रात्री गाडीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी सगळी कोरडी ठणठणीत. डिझेलचा एक थेंब नाही. फक्त मधल्या पानावरचं शब्दकोडं कुणीतरी सोडवून गेलं होतं, आणि त्यात एक शब्द चुकवला होता. तो दुरुस्त करून मी पुढच्या रात्री पुन्हा अंथरली. सकाळी कोरडीच, माझी दुरुस्ती मात्र खोडलेली.

आणखी एक गोष्ट मला छळत होती. मधूनच एखाद्या सकाळी गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची. मी वहीत नोंद ठेवायला लागलो. दोन वेळा ती सुरू झाली तेव्हा आदल्या दिवशी संकष्टी होती. मंडईचा शारदा गजानन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला हे अशक्य वाटलं नाही. मी त्याच महिन्यात आणखी एका संकष्टीची वाट बघत होतो, आणि ती येत नसते हे बायकोने लक्षात आणून दिलं.

अशा अवस्थेत मी एका सकाळी मंडईत मेथी घेत होतो. गाळ्यावरच्या मावशी सासवडच्या बाजूच्या. पंचवीस वर्षं त्यांच्याकडून भाजी घेतोय, त्यांनी कधी जादा मिरची दिली नाही आणि कधी चुकीची भेंडी दिली नाही. जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाल्या, "काका, तुमचा फुटबॉल गेला आसंल."

मला वाटलं, नातवाचा चेंडू यांच्या छपरावर अडकलाय.

"चेंडू न्हाय वो! हिरीच्या पाइपाला बुडाशी आसतो त्यो फुटबॉल. त्यो गेला की रातच्यात सगळं पानी म्हागारी हिरीत. माझा बाप सकाळी घागर घेऊन जायचा, पाइपात पानी वतायचा, मग कुठं इंजन पानी धरायचं. तुमी ते हातानं टुकटुक करता न्हवं, ती बापाची घागरच की."

विहिरीवरच्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हला उभा महाराष्ट्र फुटबॉल म्हणतो, हे मला एकसष्टाव्या वर्षी मेथी घेताना कळलं. 1946 साली किर्लोस्करांनी खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. पुढे डिझेलची इंजिनं विहिरीविहिरीवर गेली आणि शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या शाळेत जाण्याआधी इंजिनाची एअर काढायला शिकल्या. बोल्ट सैल करायचा, बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं, पुन्हा आवळायचा. मी बँकेत त्याच इंजिनांसाठी कर्जं मंजूर करत होतो. इंजिन पाणी का सोडतं हे एकालाही विचारलं नव्हतं.

"पण मावशी, बाहेर काही गळत नाही हो! मी पेपर अंथरले होते."

"म्हाईत हाय. कोडं सोडवलंया त्यातलं."

शेजारचा शहाळेवाला इतका वेळ कोयता थांबवून ऐकत होता. त्याने एक शहाळं छाटलं, त्यात प्लास्टिकची नळी घातली, वरच्या तोंडावर अंगठा दाबून नळी उचलली. आतलं पाणी नळीत तसंच उभं. "बघा. खाली भोक आहे, तरी पडतंय का?" मग त्याने लिंबू-मिरचीतली सुई घेऊन नळीला अंगठ्याच्या खाली टोचलं. पाणी सळ्ळकन खाली. "आता ओढा." मी ओढलं. नुसतं सुर्रर्र. थोडं पाणी, बरीच हवा. "बाहेर आला का थेंब? नाही येत. तुम्ही आत ओढताय ना. भोकातून बाहेर काही पडत नाही, बाहेरचं आत येतं." प्रात्यक्षिकाचे सत्तर रुपये झाले. भोक पडलेल्या नळीनेच ते शहाळं पिऊन टाकलं, वीस मिनिटं लागली.

मग सगळंच उलगडत गेलं. टाकी गाडीच्या मागे आणि खाली, इंजिन पुढे आणि वर. फीड पंप डिझेल ओढून घेतो, म्हणजे टाकीपासून तिथपर्यंतच्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. सांधा सैल असला तर डिझेल गळत नाही, हवा शिरते. इंजिन चालू असताना थोडीफार हवा आली तरी पंप ती रेटून नेतो. रात्री मात्र तीच भेग अंगठा उचलल्याचं काम करते आणि नळीतलं डिझेल निवांतपणे टाकीत परत जातं. थंडीत जुनं रबर आक्रसतं, टणक होतं, भेग उघडते. दुपारी इंजिनाच्या उबेने पुन्हा मिटते. आणि संकष्टी? मी गाडीची पुढची चाकं फुटपाथवर चढवून लावतो, पुण्यात फुटपाथ त्यासाठीच असतो. म्हणजे नाक वर, टाकी आणखी खाली. त्या दोन संकष्ट्यांना देवळाच्या गर्दीमुळे माझी जागा गेली होती आणि मी उलटी घालून मागची चाकं फुटपाथवर चढवली होती. नाक खाली. डिझेलला परत जायला चढण. तोंड दक्षिणेला का उत्तरेला, हे विचारणारे गृहस्थ असे अगदीच वाट चुकले नव्हते. दिशेऐवजी त्यांनी उतार विचारायला हवा होता.

बोहरी आळीतून पारदर्शक नळी आणली आणि फिल्टरच्या आधी वीतभर जोडली. इंजिन चालू केल्यावर तिच्यातून बुडबुडे जायला लागले, बारीक, एकामागून एक, सोडा-लेमनसारखे. ते बघायला मंडईचा अर्धा कट्टा बॉनेटभोवती जमला. एका आजोबांनी तर नातीला उचलून दाखवलं. पण बुडबुडे येताहेत एवढंच कळत होतं, कुठून ते कळत नव्हतं.

मग मेकॅनिकनी फोनवर सलाईन लावायला सांगितलं. पाच लिटरचा डिझेलचा कॅन ड्रायव्हरच्या सीटवर उंच बांधायचा, त्याची नळी थेट पंपाला द्यायची, रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडायची. टाकी आणि मधली सगळी वाट बाद. सकाळी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली तर इंजिन, पंप, नोझल सगळे निर्दोष, चोर मागे. खिडकीतून कॅन आणि लोंबणारी नळी दिसत होती. त्या रात्री कुणीतरी बॉनेटवर चाफ्याची दोन फुलं ठेवून गेलं. सकाळी सहाला बोट लावलं आणि गाडी सुरू. "पेशंट शुद्धीवर आला!" टोमॅटो उतरवणाऱ्या ड्रायव्हरने ओरडून सगळ्या मंडईला कळवलं.

दुसऱ्या रात्री नळी फिल्टरच्या आधी जोडली. सकाळी सुरू. फिल्टर सुटला. तिसऱ्या रात्री गाडीच्या पोटाखाली, टाकीजवळच्या सांध्यापासून. म्हणजे आता कॅनमधलं डिझेल उंचावरून जवळजवळ सगळ्या नळीतून जाणार. सवयीने वर्तमानपत्रंही अंथरली.

सकाळी शब्दकोड्यावर बशीएवढा ओला डाग.

मी आडवा होऊन टॉर्च मारला. आत्तापर्यंत ओढ होती म्हणून हवा आत जात होती. कॅन उंच टांगल्यावर त्याच फटीला आतून दाब आला आणि डिझेल बाहेर आलं. डागाच्या बरोबर वर एक पितळी टी होता, नळीला फोडलेला फाटा. वरच्या रबरावर केसाएवढी चीर, आणि क्लिप जाड नळीची, बारीक नळीवर ओढून बसवलेली. टीचा तिसरा पाय वर गाडीत गेला होता, पलंगाखाली, लडाखच्या हीटरकडे.

हीटर मी एकदाही लावलेला नाही. तो थंडीसाठीच होता, आणि गाडी थंडीत बंद पडायचं कारणही तोच. हे मी बायकोला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत बोळातून निघालो. मंडई मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी ती पिशवी घेऊन समोरून आली. "हीटरची नळी होती ना?" म्हणाली. मी थक्क. "मावशी म्हणाल्या." ज्यांनी गाडीखाली कधी वाकून पाहिलं नाही त्या मावशींना हे कसं कळलं? विचारलं तर म्हणाल्या, "घरात गळाय लागलं की मी आदी इचारते, नवीन काय आनलं? जुनं सवताहून न्हाय गळत."

पेठेत याहून शास्त्रशुद्ध वाक्य मी ऐकलेलं नाही. जुन्या गाडीची एअर शोधताना ते सगळ्यात आधी वापरा. मला बॅटरी, चार प्लग आणि एक शहाळं एवढा खर्च आला. टी काढून तिथे नवी अखंड नळी टाकायला लागले तीनशे ऐंशी रुपये.

शब्दकोडं सोडवणाऱ्या सद्गृहस्थांची तेवढी चिठ्ठी आली: "आजच्या अंकावर तेल सांडल्यामुळे उभे शब्द वाचता आले नाहीत. काळजी घ्यावी." गाडी सुरू व्हायला लागल्यापासून मी पेपर अंथरत नाही, त्याबद्दलही त्यांची नाराजी असल्याचं कानावर आहे.

हीटर विकायचा आहे. कोराच आहे म्हणा. लडाखला खरोखर जाणाऱ्यालाच देईन, पण तो कुठल्या बोळात गाडी लावतो ते आधी बघेन. टी मात्र दिला. मावशींच्या मुलाला भाजीवर पाणी मारायच्या नळीला फाटा काढायचा होता, त्याने साबणाने तीनदा धुऊन नेला, त्याच्या गळ्यातल्या रबरासकट. नळाचं पाणी दाबाने येतं, त्यामुळे तिथे तो सगळ्यांच्या देखत टपटप गळतो. मावशींनी त्याखाली कोथिंबिरीची पाटी सरकवली आहे आणि ती दिवसभर टवटवीत असते. बायको हल्ली कोथिंबीर पलीकडच्या गाळ्यावरून आणते. मावशींच्या जुडीला डिझेलचा वास येतो म्हणते.